सात आणि बारा नंबरची बाय

आमच्या कॉलेजच्या मुलींच्या बास्केटबॉल टीमची सेंटर एकदा जिला धडकली, ती मुलगी पुन्हा कधी बास्केटबॉल खेळली असेल असं मला वाटत नाही. पण त्यांतल्या एकीनेही तिची तक्रार केल्याचं ऐकिवात नाही, हेही तितकंच खरं. ती उत्तनच्या कोळी ख्रिश्चनांपैकी. उंची सहा फुटाला दोन बोटं कमी, आणि रुंदीच्या बाबतीत देवाने हात आखडता घेतलेला नव्हता. दिसेल तिला ‘गो बाय’ म्हणायची, म्हणून आम्हीच तिला बाय म्हणू लागलो. खरं नाव फक्त हजेरीपटावर उरलं. मी पाच फूट, तेही वेणी धरून. नव्वदीच्या सुरुवातीला आमचं कुटुंब गिरगावातली खोली सोडून खाडीकाठच्या जेसल पार्कला राहायला आलं. टीममध्ये माझी निवड झाली ती खेळाच्या सरांना सात मुली मिळाल्या होत्या आणि आठवी हवी होती म्हणून. बायच्या शेजारी मी उभी राहिले की सर म्हणायचे, “दोघींना मिळवून दोनाने भागलं तर माप बरोबर येतंय.”

धडकेनंतर काय करायचं, याची तिची पद्धत ठरलेली होती. शिट्टी वाजायच्या आत ती खाली वाकायची, पडलेल्या मुलीला काखेत हात घालून उचलायची, पायांवर उभी करायची, ड्रेसची धूळ झटकायची आणि अगदी तोंडाजवळ तोंड नेऊन विचारायची, “लागलं काय गो?” त्यावर “हो” म्हणायची छाती मी कोणाचीच पाहिली नाही. वसईच्या एका मुलीने तर घाबरून वर “सॉरी” म्हटलं होतं. एक रेफरी बराच वेळ शिट्टी तोंडात धरून उभा राहिला. प्रतिस्पर्धी खेळाडूला उचलून दुसरीकडे ठेवणं हा कुठला फाऊल, हे त्याला पुस्तकात सापडत नसावं.

आमचं कोर्ट मिठागराला लागून होतं. सरांनीच मुलांना हाताशी धरून भराव टाकून घेतला होता, आणि चुन्याच्या रेषाही दर सोमवारी ते स्वतः मारत. खाडीकडून वारा सुटला की पश्चिमेचा खांब हलायचा. त्यावर सरांनी शोधलेला उपाय म्हणजे बायला खांबाच्या पायावर बसवणं. ती तिथे निवांत ताडगोळे सोलत बसायची. आमच्यात निम्म्या मुली जैन-गुजराती, त्यांच्यासमोर सुक्या बोंबलाचा डबा उघडायचा नाही, हे तिने स्वतःहूनच ठरवून टाकलेलं होतं. त्यांच्यासाठी ती ताडगोळे आणायची. एकूण परिस्थिती अशी, की प्रॅक्टिसला आम्ही बायशिवाय खेळायचो आणि मॅचला आम्हाला बायशिवाय काही म्हणजे काही यायचं नाही.

तिची सगळ्यात मोठी खोड मात्र गाठींची. मनगटाला ती तंगुसाचा, म्हणजे मासे धरायच्या नायलॉन दोऱ्याचा, एक तुकडा बांधून यायची, आणि फाऊल झाला की त्याला एक गाठ मारायची. शनिवारी चर्चमध्ये कन्फेशनला गेली की गाठी मोजून फादरना सगळे फाऊल सांगायची. फादर बिचारे समजावून थकले, की खेळातला फाऊल पापात धरत नाहीत. त्यावर हिचं उत्तर, “पाडलं ते पाडलंच ना, फादर?” शेवटी म्हणे फादरच विचारू लागले, “किती झाले, आणि जिंकलात का?”

तिच्या मापाचा टीशर्ट स्टेशनजवळच्या कुठल्याही दुकानात मिळेना. तेव्हा मी दोन जुने टीशर्ट घेऊन आमच्या बिल्डिंगखालच्या टेलरकडे गेले. त्याने एकाची छाती आणि दुसऱ्याची पाठ घेतली आणि दोन्ही बाजूंना उरल्या कापडाच्या पट्ट्या घालून जोडून दिली. पुढे तिचा सात, मागे बारा. “बहनजी, फिटिंग देखो, नंबर कौन देखता है?” असं वर म्हणाला. बारा नंबर ज्या मुलीचा, ती लग्न होऊन नालासोपाऱ्याला गेली होती. पण सरांनी खेळाडूंची यादी गेल्या वर्षीचीच उतरवून दिलेली, त्यामुळे ती कागदावर अजून आमच्यातच होती. झालं काय, बाय समोरून धडकली की फाऊल सातच्या नावावर, आणि पाठमोरी धडकली की बाराच्या. पाच फाऊलना खेळाडू बाहेर. आमच्या बायला मात्र आपोआप दहाची सवलत मिळत होती. हे मला पहिल्याच मॅचला कळलं. मी गप्प बसले.

गप्प बसायला कारण होतं. प्रिन्सिपलनी सरांना बोलावून सांगितलं होतं, की मुली यंदा सेमीफायनलला पोचल्या तर कोर्ट राहील, नाहीतर तिथे सायन्सची बिल्डिंग उभी राहील. सरांना त्या दिवसापासून जेवण जाईना. आणि माझं म्हणाल, तर संध्याकाळी सहापर्यंत घराबाहेर राहायला मला त्या कोर्टाशिवाय दुसरं एकही कारण नव्हतं. घरी गेलं की कणीक मळा आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला चहा करा. ते कोर्ट मला हवं होतं, अगदी जिवापाड हवं होतं.

क्वार्टरफायनल आमच्याच कोर्टवर झाली. टेबलावर जाड चष्म्याचे एक रिटायर्ड मास्तर फाऊल लिहायला बसले होते, आणि लिहिलेलं सगळं मोठ्याने म्हणायची त्यांना सवय होती. पाच मिनिटं राहिली असताना बायने पाचवी गाठ मारली आणि मुकाट्याने बाहेर निघाली. तेवढ्यात मास्तर ओरडले, “नंबर बारा, दोन!” रेफरीने तिला परत आत जायची खूण केली. सरांना वाटलं आपलीच मोजणी चुकली, तेही ओरडले, “अगं खेळ, खेळ!” ती गोंधळून माझ्याजवळ आली. “ते मास्तर बारा-बारा कोनाला म्हनतात गो?”

“कोणाला नाही,” मी म्हटलं. “तू खेळ.”

मी म्हटलं, म्हणून ती खेळली. शेवटचं दीड मिनिट राहिलं, आम्ही तीन पॉइंटनी पुढे. बाय बॉलसाठी पाठमोरी उडी मारून खाली आली ती एका मुलीच्या अंगावर. तिला उचललं, झटकलं, विचारलं, सहावी गाठ मारली. मास्तर म्हणाले, “नंबर बारा, तीन!” यावर बाय सरळ टेबलाकडे गेली. मास्तरांना आधी छाती दाखवली, मग वळून पाठ दाखवली. “दोनी मीच हाय. सहा झालेत माजे.”

सर धावत आले. “अगं बाई, गप्प बस! तुला कोणी विचारलंय का?”

“सर, बारा नंबरवाली तिकडं नांदतेय. तिच्या नावावर माजे फाऊल कशाला? ती तर आज कोनाला पाडायला आली पन न्हाय.”

बायला बाहेर काढलं. उरलेल्या दीड मिनिटात आमचं जे व्हायचं तेच झालं, दोन पॉइंटनी हरलो. सर चुन्याची बादली उचलून निघून गेले. बाय आपल्या नेहमीच्या जागी, खांबाच्या पायावर जाऊन बसली. तिथे तिने दोऱ्याला आणखी एक गाठ मारलेली मी पाहिली, पण कशाची ते विचारायच्या मनःस्थितीत मी नव्हते. तिचा इतका संताप आला होता की वर्ष संपेपर्यंत मी तिच्याशी बोलले नाही. पुढच्या उन्हाळ्यात कोर्टवर बिल्डिंगचा पाया खणला. मी सहाच्या ऐवजी चार वाजता घरी जायला लागले.

पाच-सहा वर्षांनी ऑफिसातल्या मैत्रिणीच्या लग्नाला उत्तनला गेले होते. शाळेच्या मैदानावर मुलींचा खेळ चालला होता आणि मधोमध गळ्यात शिट्टी अडकवून बाय उभी होती. रुंदीत जराही फरक नाही. मला पाहून तिने खेळ थांबवला, आणि आम्ही दोघी कट्ट्यावर बसलो. इकडचं तिकडचं झाल्यावर मी एकदाचं सांगून टाकलं. “बाय, ते बाराचं मला माहीत होतं गं. तू विचारलंस तेव्हा मी खोटं बोलले.”

“म्हाईत हाय मना,” ती म्हणाली.

“मग काही बोलली का नाहीस? सहा फाऊलनंतर एक सातवी गाठ मारलीस, ती कसली होती?”

“ती तुजी,” बाय म्हणाली. “तू कुठं फादरकडं जानार होतीस? माज्यासंगं मीच सांगून टाकली.”

मी खाली बघत बसले. तेवढ्यात काखेत हात घालून तिने मला कट्ट्यावरून उचललं, पायांवर उभं केलं, पाठीवरची धूळ झटकली आणि तोंडाजवळ तोंड आणून विचारलं, “लागलं काय गो?”

“हो,” मी म्हटलं.