बगदादच्या बाजारात हंड्याचा सौदा

हसणार नसाल तरच सांगतो. हसणार? बरं, हसा, पण चहा तेवढा सांडू नका!

इंग्रजांच्या पलटणीबरोबर मी तुर्कांशी लढाईवर गेलेलो, हे तुमाला ठाऊकच हाय. लढाई संपली, आमचा मुक्काम बगदादला. दुसऱ्या दिवशी घरी निघायचं, आणि मी बायकोला शब्द देऊन बसलेलो, की येताना तिकडचा तांब्याचा हंडा आणीन. रिकाम्या हातानं गावी, कडावला, आलो असतो तर तिनं मला जन्मभर ओटीवर झोपवलं असतं!

म्हणून सोबती धोंडूला घेऊन जुन्या बाजारात शिरलो. तुर्कांच्या राज्यापासूनचा बाजार तो! डोक्यावर विटांच्या कमानी, आत भरदुपारी अंधार, आणि तांबटांची ठोकाठोक अशी की कुणाचं बोलणं कुणाला ऐकू येईना.

एका दुकानात मनासारखा हंडा दिसला. शेजारी दाढीवाला म्हातारा, मांडीवर फडकं पसरून बसलेला. फडक्याखाली काहीतरी हललं.

"धोंड्या, अरं हितंबी आपल्यासारखंच हाय रं!"

आपण बैलबाजारात काय करतो? उपरण्याखाली हात घालायचा, बोटं दाबून भाव सांगायचा. तोंडातून शब्द नाय, आणि समोरच्याकडं बघायचं तर मुळीच नाय. त्यात मी दलालांना घाम फोडणारा गडी! तोंड फिरवलं आणि हात घातला. आत मऊ मऊ लागलं. म्हटलं, थंडीचे दिवस, म्हाताऱ्यानं लोकरीचा हातमोजा घातला असेल.

दोन बोटं दाबली, म्हणजे वीस रुपये. टच्! कसला चिमटा बसला!

"नाय म्हणतोय," मी धोंडूच्या कानात ओरडलो. "लई चिवट हाय!"

तीन बोटं. टच्! चार. टच् टच्! रक्त आलं हो, पण माघार कोण घेतो? शेवटी अख्खा पंजा दिला. चिमटा नाय! सौदा पक्का! म्हाताऱ्याच्या मांडीवर पन्नास रुपये ओतले आणि हंडा उचलला.

तसा म्हातारा दचकून जागा झाला. हो, जागा! गडी बसल्या बसल्या झोपलेला! आणि फडक्याखालून मान वर काढली कोंबडीनं!

धोंडूला तिकडची भाषा थोडी यायची. त्यानं सगळं सांगितलं, तसा म्हातारा हसून गडाबडा लोळायला लागला. आजूबाजूच्या तांबटांनी हातोडे खाली ठेवले. म्हातारा निम्मे रुपये परत द्यायला लागला, पण मी कसला घेतोय? हात दिला की दिला!

"अरं, ही कोंबडी तो आज कापणार होता," धोंडू म्हणाला. "आता नाय कापत."

"का रं?"

"म्हणतो, एवढा भाव माझ्या बापालाबी कधी मिळाला नाय. उद्यापासून दुकानावर हीच बसंल!"