माझं लायसन्स आणि रेसवाले साहेब

बहारीनमधल्या माझ्या पहिल्या ड्रायव्हिंग टेस्टला मी गिअर बदलायचा म्हणून डावा हात टाकला आणि खिडकीची काच खाली करत बसले. सत्तरच्या दशकातली गोष्ट. पुण्यात वडिलांच्या गाडीवर शिकलेली मी. तिथे गिअर डाव्या हाताला, इथे गाड्या रस्त्याच्या उजव्या बाजूने, गिअर उजव्या हाताला, सगळंच उलटं. दुसऱ्या खेपेला राउंडअबाउटमध्ये पुण्याच्या सवयीने डावीकडून घुसले. परीक्षा घेणारा पोलीस भला माणूस, त्याने डोळेच मिटून घेतले.

नवऱ्याने घरी जाहीर केलं, "खलास. दोनदा नापास झालीस, आता हट्ट पुरे."

"तिसऱ्यांदा देणार," मी म्हटलं. रोज संध्याकाळी मी नोकरी करायचे त्या मोटार वर्कशॉपच्या पायरीवर पार्सलासारखं बसून नवऱ्याची वाट बघायचा मला मनस्वी तिटकारा आला होता.

त्या वर्कशॉपचे मॅनेजर जर्मन, तरुणपणी रेसिंग ड्रायव्हर. मी त्यांची टायपिस्ट. दुपारच्या सुट्टीत ते मला बुदैयाच्या रस्त्यावर शिकवायला नेऊ लागले. आधी उभ्या गाडीत माझा डावा हात रुमालाने स्टिअरिंगला बांधला आणि उजव्याने गिअर बदलून घेतले, खांदा भरून येईपर्यंत. शिकवता शिकवता स्वतःची कहाणीही सांगत. महायुद्ध संपलं तेव्हा देशात ना पेट्रोल, ना गाड्या. भावाबरोबर लष्कराच्या भंगारातून त्यांनी एक गाडी उभी केली. बाहेरच्या शर्यतींत तेव्हा जर्मनांना मज्जाव होता, तर हे आपल्याच मुलखात पळवत राहिले. पुढे दारं उघडली, काही शर्यती जिंकल्या, नाव झालं, दुसऱ्यांच्या गाड्या चालवायला मिळू लागल्या. मग एकदा पावसात गाडी उलटून पेटली आणि उजव्या हाताची दोन बोटं गेली. डॉक्टर, बायको, गाडीचा मालक, सगळे एका सुरात म्हणाले, आता बास. पुढच्या मोसमात हे पुन्हा उतरले आणि शेवटून पहिले आले. जिंकलेल्या शर्यतींबद्दल ते दोन वाक्यं बोलत, या एकीबद्दल अख्खी दुपार.

"नको म्हणणाऱ्यांपैकी कुणीच माझ्या गाडीत बसलेलं नव्हतं," ते म्हणाले. मला ते इतकं पटलं की घरी जाऊन नवऱ्याला ऐकवलं. त्याने वर्तमानपत्र वर धरलं.

तिसऱ्या खेपेला मी पास झाले. नवरा मिठाई घेऊन आला आणि नशीब म्हणाला. नशीब कसलं डोंबलाचं! खांदा माझा दुखला होता.

काही वर्षांनी साहेब नोकरी संपवून मायदेशी निघाले. विमानतळावर मी सोडतो, असं नवरा म्हणाला. किल्ली माझ्या हातात होती, ती मी दिली नाही.

साहेब सवयीने ड्रायव्हरच्या दाराशी आले. मी आधीच बसले होते. ते निमूट वळसा घालून शेजारी बसले. विमानतळाच्या बेटाकडे नेणाऱ्या मुहर्रकच्या पुलावर पुढे एक ट्रक होता.

"ब्रेक," ते म्हणाले.

"दिसतोय मला."

ते खिडकीकडे वळले आणि बराच वेळ तिकडेच बघत राहिले. इतकी वर्षं या पुलावरून जातोय, म्हणाले, पण दोन्ही बाजूंना एवढा समुद्र आहे हे आज पाहिलं.