पिंपळाखालून आणलेले देव

"मोठ्यानं वाच," विभागप्रमुख म्हणाले.

माझा फॉर्म त्यांच्या टेबलावर होता. त्यांनी तो माझ्याकडे सरकवला. हातानं नाही, पेन्सिलीच्या टोकानं. खोलीत आणखी दोन प्राध्यापक चहा पीत बसले होते. मी वाचलं, "धर्म, बौद्ध."

"त्याच्या खालचं?"

"जात, नाही."

"जात नाही म्हणे." ते त्या दोघांकडे वळले. "आणि अनुसूचित जातीची स्कॉलरशिप मात्र पाहिजे. तीही विलायतेला जायला."

एक जण कपात पाहून हसला. दुसरा हसला नाही, पण बोललाही नाही. विभागप्रमुखांनी पेन्सिल त्या रकान्यावर आपटली. "हिंदू महार लिही. लिहायला लाज वाटते? मग मागायला नाही वाटली? तहसीलचा दाखला आण पंधरा तारखेच्या आत. नाहीतर हा कागद मी पुढे पाठवणार नाही."

मी "हो सर" म्हटलं. बस, एवढंच म्हटलं आणि बाहेर आले.

मी भित्री आहे, हे आधीच सांगून टाकते. अशा गोष्टी सांगणारे लोक म्हणे लहानपणापासून वाघ असतात. मी नव्हते. मी बसच्या कंडक्टरला घाबरायचे. खिडकीमागच्या कारकुनाला घाबरायचे. बी.एस्सी.ला पहिला वर्ग मिळाला तेव्हा नोटीस बोर्डावरचं नाव माझंच आहे ना, हे विचारायलाही मैत्रिणीला पुढे केलं. त्याच कॉलेजात दोन वर्षं मी प्रयोगशाळेत डेमॉन्स्ट्रेटर होते, आणि रोज वाटायचं की आज कोणीतरी येऊन म्हणेल, बाई, चूक झाली, तुमची नेमणूक इथं नव्हतीच.

अशा माझ्या नावानं इंग्लंडातल्या एका विद्यापीठाचं पत्र आलं होतं. मास्टर्सला प्रवेश मिळाला होता. विषय इंधनशास्त्र. माझे बाबा खापरखेड्याच्या वीज केंद्रात कोळशाच्या यार्डात कामाला. आमच्या घरी कोळसा उशीवर असे, माठावर असे, बाबांच्या खोकल्यात असे. ओला कोळसा नीट का पेटत नाही, एवढी राख का पडते, असं बाबा साहेबांना विचारायचे. साहेब म्हणायचे, तू फावडं चालव. मला ते शिकायचं होतं. ऑक्टोबरात वर्ग सुरू होणार होते. जायला वाट एकच, दिल्लीची परदेशी शिष्यवृत्ती, आणि तिचा फॉर्म विभागप्रमुखांच्या सहीनंच पुढे जायचा.

घरी तयारी मात्र जोरात. मी रोज सकाळी भिंतीकडे तोंड करून इंग्रजी पेपर मोठ्यानं वाचायचे. आई म्हणायची, पोट्टी भिंतीसंग भांडून राहिली. शेजारच्या बाया विचारायच्या, तिथं भाकर भेटते काय वं. आईनं माझ्यासाठी लोकरीचा स्वेटर विणायला घेतला होता, नागपूरच्या मे महिन्यात. मांडीवर लोकरीचा गोळा आणि बाई घामानं ओलीचिंब. आम्ही सगळ्या हसायचो. मला विमानाची भीती वाटायची, थंडीची वाटायची, तिथल्या गोऱ्या मास्तरांची वाटायची. पण जायचं होतं. भीत भीत का होईना, मला जायचंच होतं.

अडचण काय होती ते नीट सांगते. राज्य सरकार आम्हा बौद्धांना फीमाफी देत होतं, तिच्यावरच मी शिकले. पण दिल्लीच्या यादीत बौद्धांना जागा नव्हती. धर्म बदलला म्हणजे जात गेली, असं दिल्लीचं म्हणणं. हे आमच्या गावाला मात्र कोणी कळवलं नव्हतं. गावात आमची विहीर वेगळी होती, ती वेगळीच राहिली.

आणि माझ्या शाळेच्या दाखल्यावर ठसठशीत 'बौद्ध' होतं. ते बाबांचं काम. छप्पन साली दीक्षा घेतली आणि पुढच्याच वर्षी त्यांनी मला शाळेत घातलं. मास्तरांनी सवयीनं महार लिहिलं. बाबांनी ते खोडायला लावलं, बौद्ध लिहायला लावलं, आणि शाई वाळेपर्यंत तिथून हलले नाहीत. ही गोष्ट आमच्या घरी पाहुण्यांना चहासोबत सांगितली जायची.

त्या संध्याकाळी मी बाबांना सगळं सांगितलं. वाटलं, आता पेटतील. ते मोरीत पाय धूत होते. काळं पाणी वाहून जाऊ दिलं. मग म्हणाले, "लिहून दे."

मी हातातला तांब्या खाली ठेवला.

"लिहून दे म्हणलं ना. कागदच हाय तो. तू जाय, शिक, वापस ये. धर्म काय कागदावर राह्यते?"

आई विणकाम बाजूला ठेवून आत गेली. ती जेवली नाही. मी जेवले. खरं सांगते, मला सुटल्यासारखं वाटलं होतं. लाज नंतर आली.

तहसीलीत अर्ज लिहिणाऱ्यानं प्रतिज्ञापत्र टाइप करून दिलं. आम्ही हिंदू महार आहोत, धर्मांतर केलेलं नाही, शाळेतली नोंद नजरचुकीनं झाली. मी ते बाबांना वाचून दाखवलं. नजरचुकीनं, या शब्दाला त्यांनी मान खाली घातली, आणि सही केली. कारकून म्हणाला, मूळ गावी पटवारी चौकशी करेल, घर पाहील, दोन पंचांसमोर लिहून घेईल, मग दाखला.

मूळ गाव पारशिवनीच्या पुढे. तिथं काकाजी, म्हणजे बाबांचे धाकटे भाऊ, आणि काकू राहायचे. बाबा आणि मी चौकशीच्या आदल्या दिवशी गेलो. काकाजींना आतली माहिती होती. पटवारी आधी घरातले देव पाहतो, म्हणाले. देव दिसले की हिंदू, नाही दिसले की बौद्ध. पुढं काही विचारत नाही.

आता आमच्या घरात देव कुठले? होते ते छप्पन सालीच कन्हान नदीच्या पात्रात गेले. भिंतीवर बुद्धाची एक तसबीर होती. काकूनं ती उतरवली, पदरानं पुसली आणि गव्हाच्या कोठीत ठेवली. वरून गहू ओतला. मी जवळच उभी होते. कोणी पाहिलं तर, ही एक भीती होती. कोणी पाहिलं नाही तरी आपण हे केलं, ही दुसरी. दुसरी मोठी होती, पण मी ती गिळली.

देव उसने मागावे तर कोणाला? कुणब्याच्या घरचे देव आमच्या उंबऱ्यात कोण येऊ देणार? सकाळी काकाजी पिशवी घेऊन गेले आणि मारुतीच्या देवळामागच्या पिंपळाखालून देव घेऊन आले. तिथं बरेच पडलेले असायचे, कोणी विचारत नव्हतं. फुटक्या काचेची लक्ष्मीची तसबीर, सोंड तुटलेला गणपती, एक हात नसलेला पितळेचा बाळकृष्ण. आम्ही ते धुतले. फळीवर मांडले. काकूनं हळदकुंकू वाहिलं, मी उदबत्ती लावली. काकाजी चार पावलं मागे सरकून म्हणाले, "झकास. एकदम खानदानी." आम्ही हसलोसुद्धा.

पटवारी दहाच्या सुमारास आला. सोबत दोन पंच, गावातलेच शेतकरी. तो आत आला नाही. उंबऱ्याबाहेरूनच वाकून त्यानं फळीकडे पाहिलं. पाहत राहिला. मग हसायला लागला. पंचांना बोटानं दाखवलं, तेही हसले. आम्हाला काही कळेना. काकाजी पण हसले, बिचारे, काय करावं ते न सुचून.

"काहून गा," पटवारी काकाजींना म्हणाला, "खंडित देव कोणी घरात पुजते काय? मूर्ती फुटली का तिले पिंपळाखाली नेऊन ठेवतेत. तिथूनच उचलून आणले ना?"

आमच्यापैकी एकालाही हे ठाऊक नव्हतं. कसं असणार? मी तर देवाविना वाढलेली. आणि बाबा-काकाजींच्या लहानपणीचे देव म्हणजे शेंदूर फासलेले दगड. त्यांना नाक नव्हतं, हात नव्हते, सोंड नव्हती. तुटायला काही होतंच कुठं? साबूत मूर्ती घरात असण्याची आमच्यात कोणाची ऐपतच नव्हती, मग फुटलेली ठेवू नये हा नियम कोण शिकवणार? आम्हाला वाटलं, देव तो देव.

पटवारी आता खुशीत आला. त्यानं खाट मागवली, अंगणात बसला, पाय पसरले. बाबांना समोर बोलावलं. म्हणाला, बरं, हिंदू आहेस ना, तर आरती म्हण. बाबा फळीकडे तोंड करून उभे राहिले. पन्नाशीचा माणूस, हात जोडलेले, नखांत कोळसा. पहिली ओळ आली. दुसरी अर्धी आली. पुढं काही येईना. ते पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचे आणि तिथंच अडकायचे. पंचांतला एक जण पुढची ओळ म्हणून दाखवायचा आणि बाबा ती मागून म्हणायचे. अंगणाच्या कडेला माणसं जमली होती. मी मनात म्हणत होते, आठवा ना बाबा, आठवा, एवढं एकच. हो, मी तेच म्हणत होते. मला तो दाखला पाहिजे होता.

"सोडले होते ना देव?" पटवारी म्हणाला. "आता गरज पडली का? त्याच्यापुढं नाक घास. मंग करतो सही."

बाबांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही, दुःखानंही नाही. आता होतंच आलं, थोडं थांब, असं सांगितल्यासारखं. आणि ते गुडघ्यावर बसले. एक हात जमिनीला टेकला. वाकायला लागले.

"बाबा, उठा."

आवाज माझाच होता. बारीक, चिरकलेला. कोणी ऐकलं नसावं, म्हणून मी पुन्हा म्हटलं. मग पटवाऱ्याकडे वळले. "लिहा. आम्ही बौद्ध आहोत. छप्पन सालापासून. हे देव आमचे नाहीत."

त्यानं पसरलेले पाय आवरले. मग सावकाश बोलला, एकेक शब्द मोजून. "म्हणजे तुह्या बापानं तहसीलीत खोटं लिहून देल्लं. समजते काय वं? नौकरी जाईन त्याची. खडी फोडायले जाईन."

खरंच सांगते, तेव्हा माघार घ्यावीशी वाटली. हात जोडावे, चुकलं म्हणावं, बाबांच्या शेजारी बसून आपणही नाक घासावं. तरी म्हटलं, "लिहा."

त्यानं लिहिलं. अर्जदार बौद्ध आढळले. माझी सही घेतली. माझी सही मलाच ओळखू येईना, इतकी वाकडी आली.

शाबास पोरी, असं बाबा म्हणाले असतील, असं कोणाला वाटत असेल तर तसं झालं नाही. परतीच्या बसमध्ये ते दोन बाकं पुढे जाऊन बसले. उतरल्यावर थांबले आणि म्हणाले, "माह्या नाकाचं मी पाह्यलं असतं. तुह्या जाण्याचं काय आता?" तू बरोबर केलंस, असं ते आजतागायत म्हणालेले नाहीत.

पुढचे सहा महिने खाकी कपडे दिसले की मला धडकी भरायची. पोस्टमनचेही खाकीच. बाबांच्या नोकरीला काही झालं नाही. पण झालं नाही हे कळायला सहा महिने लागले.

मी फॉर्म घेऊन विभागप्रमुखांकडे गेले. नववा रकाना, धर्म, बौद्ध. जात, नाही. तसाच. ते म्हणाले, वाया जाणारा कागद मी पुढे पाठवत नसतो. मी फॉर्म त्यांच्या पेन्सिलीशेजारी ठेवला. म्हटलं, "सर, नका पाठवू. पण का पाठवत नाही ते त्याच्यावर लिहून द्या. खाली सही करा."

त्यांनी पेन्सिल उचलली, परत ठेवली. लिहून काही दिलं नाही. फॉर्म पाठवला.

दिल्लीहून एक ओळ आली. अपात्र. विद्यापीठानं वर्षभर जागा राखून ठेवली, मग तीही गेली. लोकरीचा स्वेटर आईनं मावसबहिणीच्या पोराला दिला.

याला तीन वर्षं झाली. तीनदा मी इंग्लंडात प्रवेश मिळवला, तीनदा दिल्लीचा फॉर्म भरला, तीनदा अपात्र आलं. पहिली दोन पत्रं कारणाशिवाय होती. मी परत लिहिलं, कारण कळवा, कोणत्या नियमानं ते कळवा. तिसऱ्या पत्रात त्यांना लिहावं लागलं, बौद्ध असल्यामुळे. खाली अधिकाऱ्याची सही आहे, शिक्का आहे. ते पत्र मी जपून ठेवलं आहे. आणखी पाहिजेत, कोणी या नियमाचा जाब विचारेल तेव्हा पुढे ठेवायला.

वयाची मर्यादा संपायला अजून सहा वर्षं आहेत. चौथा फॉर्म काल आला. भीती अजून वाटते, तरी माझ्या घरातलं कोणी आता कोणासमोर गुडघ्यावर बसणार नाही. सहा वर्षं मी हाच फॉर्म भरणार, हेच लिहिणार. नाकारायचं तर नाकारा. पण कारण लिहा, आणि खाली सही करा.