खुंटीताईने वेगळ्या केलेल्या चुली

ऑफिसात तिला सगळे खुंटीताई म्हणत. सगळ्यांचं ओझं हिच्यावर टांगलेलं, म्हणून खुंटी. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा तिला हसू आलं होतं. पण नवरा बदली होऊन दुसऱ्या गावी गेला, लेकीचं नाव तिथल्या शाळेत घातलं, आणि ही भाड्याच्या खोलीत एकटी उरली, तेव्हापासून ते नाव भिंतीत ठोकल्यासारखं वाटू लागलं. तिच्या कंपनीची शाखा त्या गावातही होती. जागाही रिकामी होती. पण साहेब सोडतील तर ना!

"वजनकाट्याचा ड्रायव्हर नव्या कर्नलवर चालवून द्या, की तुम्ही मोकळ्या," असं साहेब म्हणत. कर्नल नवा यायचा, साहेबांचं बोलणं जुनंच राहायचं.

कर्नल म्हणजे कॉम्प्युटरच्या घरातला कर्ता. त्याला विचारल्याशिवाय पान हलत नाही. ट्रक तोलणारा काटा त्याच्याशी बोलतो तो ड्रायव्हर नावाच्या मधल्या प्रोग्रॅममार्फत, आणि तो लिहिताना फाइलच्या माथ्यावर दोघांची हेडरं जोडावी लागतात. हेडर म्हणजे 'हा शब्द आला की हा आकडा समजा' असं सांगणारी फाइल. दुखणं तिथेच होतं. 'रेडी' हा शब्द कर्नलच्या हेडरमध्येही होता आणि काटा बनवणाऱ्या काटेवाल्यांच्याही. आकडे मात्र निराळे. जो शेवटी बोलेल त्याचं खरं. कर्नलच्या फाइलला हात लावायचा नाही. काटेवाल्यांच्या फाइलला लावला, तर ते पुढची जबाबदारी घेत नाहीत. इकडे आड, तिकडे विहीर, आणि मधल्या बांधावर खुंटीताई.

मागे तिने एक तोड काढली होती. आधी कर्नलचं हेडर, मग त्याचा 'रेडी' पुसायचा, मग काटेवाल्यांचं हेडर. वर लिहून ठेवलं, 'हा क्रम बदलू नये.' लोक इतके आज्ञाधारक निघाले की त्यांनी त्या फाइलकडे बघायचंच सोडलं. काही अडलं की, "खुंटीताईला विचारा." बाईने स्वतःच्याच हाताने स्वतःला कडी घातली होती, तीही बाहेरून.

आता पुन्हा नवा कर्नल आला होता. बिनखिडकीच्या खोलीत पंखे घुमत होते. नमुन्याच्या काट्यावर लोखंडी वजन ठेवलेलं, आणि पडद्यावर एकच शब्द: 'थांबा'.

शेजारच्या टेबलावरची चष्मेवाली चहा घेऊन आली. "काय म्हणतोय तुझा काटा?"

"थांब म्हणतोय. मलाच म्हणतोय मेला."

कारण सापडलं होतं. नव्या कर्नलची स्वतःची वाट बघायची पद्धत 'रेडी' या शब्दावर चालायची. हिच्या फाइलमध्ये तो शब्द पुसून काटेवाल्यांचा बसलेला. त्यामुळे कर्नल न येणाऱ्या पाहुण्यासाठी दार धरून उभा होता. दोन ओळींची आणखी एक पट्टी मारली की भागलं असतं. तिने हात कीबोर्डवर ठेवलाही. मग पडद्यावर आपलंच वाक्य दिसलं, 'हा क्रम बदलू नये', आणि हात तिथेच थांबला.

"नाही, ऊठ," ती स्वतःलाच म्हणाली आणि खुर्ची सोडली. "ये, तू बस इथे."

"मी? अगं, मला यातलं ओ की ठो कळत नाही!"

"म्हणूनच. दोन सासवा एका चुलीवर आहेत. आजवर मी मध्ये उभी राहून पदर भाजून घेतला. आता चुली वेगळ्या करू. फाइलचे दोन तुकडे कर. एकात फक्त कर्नलचं हेडर, दुसऱ्यात फक्त काटेवाल्यांचं."

"मग त्या एकमेकींशी बोलणार कशा?"

"मध्ये आपली छोटी फाइल. तिच्यातल्या प्रत्येक शब्दाच्या आधी 'काटा' लाव. तसला शब्द कर्नलच्या घरात कुणी ठेवत नाही."

चष्मेवाली चुकली, पुसलं, पुन्हा चुकली. खुंटीताईचे हात शिवशिवत होते. तिने ते पाठीमागे धरून ठेवले. शेवटी 'थांबा' गेलं आणि वजन उमटलं. खुंटीताईने ते जुनं वाक्य पुसायला लावलं.

साहेब आले. खूश झाले. "वा! आता प्रिंटरचाही असाच घोळ आहे. तेवढा निस्तरा, की तुम्ही मोकळ्या."

खुंटीताईचं तोंड उतरलं. तिच्या आधी चष्मेवालीच बोलली, "साहेब, हे माझ्या हातचं आहे. प्रिंटरचंही मीच करते. या नुसत्या उभ्या होत्या."

साहेबांनी दोघींकडे पाहिलं. नाही म्हणायला काही सापडेना. "बरं. महिनाअखेरीला जा. पण फोन चालू ठेवा हं, ताई."

तिने लेकीला व्हिडिओ फोन लावला. "येते गं मी. खरंच येते."

"आई, मागच्या वेळीही तू 'खरंच' म्हणाली होतीस."

टेबलाखाली तिच्या ऑफिसात घालायच्या चपला होत्या, वर्षानुवर्षं तिथेच राहिलेल्या. लेकीला त्या फोनवर दिसायच्या. तिने फोन त्यांच्यावर धरला आणि दोन्ही चपला पिशवीत कोंबल्या.

"पिशवीतून काढणार नाहीस ना परत?" लेकीने विचारलं.

खुंटीताई नुसत्या मोज्यांवरच साहेबांच्या खोलीकडे निघाली, बदलीचा कागद आजच हातात घ्यायला. फरशी गार होती.