तिसरीच्या मॅडमचे ओठ

आमच्या शाळेतल्या तिसरीच्या मॅडमना मूल गप्प उभं राहिलेलं बघवतच नाही. "व्हॉट इज युवर नेम?" असं विचारतात आणि पोराने तोंड उघडायच्या आत "माय नेम इज" स्वतःच म्हणून टाकतात. पोराने पुढे फक्त नाव जोडायचं. हीच मुलं पुढच्या वर्षी माझ्या चौथीत येतात आणि मी इंग्रजीत काही विचारलं की माझ्या तोंडाकडे बघत बसतात. मी कितीदा कानीकपाळी ओरडले! मॅडम डब्यातल्या पोह्यांवर जीरावन मसाला भुरभुरवत म्हणतात, "जाऊ द्या ना हो, बच्चेच तर आहेत. बिचारे घाबरतात."

परवा तपासणीला साहेब आले. मी हजेरीचं रजिस्टर घेऊन दारात उभी होते. साहेब मुलांना प्रश्न विचारत होते आणि त्यांच्या पाठीमागून मॅडम नुसते ओठ हलवून उत्तरं पुरवत होत्या. साहेबांना शंका आली. ते गर्रकन वळले आणि मॅडमनाच त्यांनी इंग्रजीत विचारलं, "तुमची मुलं स्वतःहून का बोलत नाहीत?"

मॅडम साहेबांच्या खांद्यावरून पलीकडे बघायला लागल्या. तेव्हा साहेबांच्या पाठीमागे चाळीस पोरांचे ओठ हलायला लागले.

"आय ॲम फाइन, थँक यू," मॅडम खणखणीत आवाजात म्हणाल्या.

मी कपाळावर हात मारला. इतका वेळ दारातून मीही ओठ हलवून त्यांना नीट उत्तर सांगत होते. त्या बघत होत्या फक्त मुलांकडे.