पोळ्याच्या दिवशी मुसकं

धामणगाव बढ्याकडची तानुबाई हट्टाला पक्की. पोळ्याच्या सकाळी गावातले बैल न्हाऊन, शिंगं रंगवून झुली पांघरायचे. हिचा चांद्या मात्र तोंडाला मुसकं बांधून डोंगर चढायचा. ऐन सणाला मुक्या जनावराचं तोंड बांधायचं, हे कुठलं लाड करणं? बाया तिच्या तोंडावर हसायच्या. हसेनात का बापड्या, हिनं कधी मनावर घेतलं नाही.

बहात्तरच्या दुष्काळात गावच्या विहिरी आटल्या, तेव्हा पाणी उरलं ते वरच्या राखीव जंगलातल्या कुंडात. कवेत न मावणारी मोहाची जुनी झाडं तिथं उभी होती. कुऱ्हाड त्या बाजूला कधी गेलीच नव्हती, म्हणून झरा जिवंत होता. जंगल राखणाऱ्या नाकेदारानं तिला एवढंच बजावलं, "पाणी पाजा, पन पाल्याले तोंड लावू देऊ नका." तानुबाईनं मुसकं बांधलं, कोवळ्या चांद्याला रोज चालत नेलं आणि तो जगला. तेव्हापासून दर पोळ्याला ती त्याला तसंच पायी न्यायची, कुंडाचं पाणी पाजायची. एवढे उपकार फेडायचे कसे? निदान विसरू तरी नयेत, असं तिचं म्हणणं.

दुष्काळाला बारा वर्षं लोटली होती आणि यंदा चांद्या फार थकला होता. पुढच्या पोळ्याला हा चढ त्याला झेपणार नाही, हे तिला दिसत होतं. आणि नेमका नाक्यावर नवा नाकेदार, मार्तंड.

"जनावरांले बंदी हाय, मावशी. परत फिरा."

तानुबाई जागची हलली नाही. मार्तंडची नजर मुसक्यावर अडली होती.

"आज पोळा ना? मंग याचं तोंड काऊन बांधलं?"

तिनं सगळं सांगितलं. त्यानं वाटेवरचा आडवा बांबू उचलला आणि तोही सोबत निघाला.

कुंडाशी तिनं मुसकं सोडलं. चांद्या पोटभर प्याला. तानुबाईनं पाण्याला हात जोडले, मोहांना जोडले, तिचे डोळे भरून आले. मग ती पुन्हा मुसकं बांधू लागली. भोवती गुडघाभर गवत माजलं होतं.

"राहू द्या, मावशी. सणाचा दिवस हाय. दोन घास खाऊ द्या त्याले, माह्याकडून."

"नाही भाऊ. घास खाल्ला त त्याचे आभार मानाले पुढच्या साली याव लागीन. अन् याचे पाय आता इथवर येनार नाहीत."

मार्तंडनं चांद्याच्या पाठीवर हात ठेवला.

"मंग पुढच्या पोळ्याले मीच येतो तुमच्या गोठ्यात. आभार तिथंच माना."

तानुबाईनं त्याच्याकडे पाहिलं आणि हातातलं मुसकं कमरेला खोचलं.