सात पायांचा पाहुणा

आता हसणार असाल तर आधीच हसून घ्या, म्हणजे मला सांगता येईल!

तो आठवडाभर माझ्या डोळ्याला डोळा लागला नव्हता. आमच्या गडचिरोलीच्या घरात, मिनूच्या खेळायच्या खोलीत, खिडकीच्या अंधाऱ्या कोपऱ्यात एक काळा, केसाळ, मुठीएवढा जीव येऊन बसला होता. आणि आमची मिनू चार वर्षांची. दिसेल ते आधी उचलणार, मग चाटणार! मी दाराला कडीच घातली.

"झाडूनं झटकून दे ना त्याले," नवरा चहात टोस्ट बुडवत म्हणाला.

"आणि केस विषारी असले तर?"

शिकलेली बाई मी, झाडू कशी उचलेन? दिराचा डिजिटल कॅमेरा उचलला, दाराच्या फटीतून फोटो काढला आणि सायबर कॅफेत जाऊन किडे ओळखणाऱ्यांच्या गटावर टाकला. प्रश्न एवढाच: 'घरात लहान मुलगी आहे. हे चावतं का?'

दुसऱ्या दिवशी पाहते तर तिथे रणधुमाळी! एक म्हणे कोळी. दुसरा म्हणे, कोळ्याला पाय आठ, इथे दिसतात सात, सुरवंटच. तिसऱ्याने लॅटिन नाव फेकलं, चौथ्याने तिसऱ्याची अक्कल काढली. पाचवा म्हणाला, जंगलाशेजारी राहता, भाग्यवान आहात. चावतं का? ते कुणीच सांगेना!

शेवटी गटप्रमुखांचा निकाल आला: 'एक पाय झटापटीत गमावलेला. अतिशय दुर्मीळ. हात लावू नका, हलवू नका. रविवारी नागपूरहून येतोय.'

काय सांगू, भीती कुठच्या कुठे पळाली! भाजीवालीलासुद्धा ऐकवलं, "आमच्याकडे दुर्मीळ आहे."

"पण चावते का ते?" शेजारच्या आयेशाभाभींनी विचारलं. त्या शिवणकाम करायच्या.

"ते रविवारी कळेल," मी ऐटीत म्हटलं.

मिनू मात्र दाराशी बसून भोकाड पसरायची. "मले आत जाऊ दे न! माह्यं काम हाय."

"काम कसलं? आत किडा आहे!"

"कुठी?" ती डोळे पुसत विचारायची.

रविवारी गटप्रमुख साहेब आले. अंगात जाकीट, त्याला खिसेच खिसे. एकातून भिंग निघालं, दुसऱ्यातून चिमटा. मी कडी काढली. साहेब गुडघ्यांवर रांगत निघाले, मागे आम्ही सगळे, आयेशाभाभीसुद्धा. तेवढ्यात मिनू पायांमधून सुटली ती थेट खिडकीशी. तो जीव तिच्या मुठीत, माझा घशात!

"मिनूऽऽ! टाक ते!"

आयेशाभाभी पुढे वाकल्या. "अवो बाई, हे तं माह्याकडची मखमल हाय! पोरगी चिंध्या घेऊन गेली होती न."

काळी मखमल. मण्यांचे डोळे. लोकरीचे पाय. साहेबांनी तरीही एकदा भिंगातून पाहून घेतलं.

मग घसा खाकरून त्यांनी मिनूला विचारलं, "बेटा, याला एक पाय कमी का?"

"लोकर सरली."

नवरा तोंडावर रुमाल धरून अंगणात पळाला. मी साहेबांसाठी चहा टाकायला वळले, तर मिनूने माझा पदर ओढला.

"हा बाबा हाय. आता आई बनवाची हाय. तिले मण्याचे डोये मोठ्ठे लावा लागते, आई भेते न!"